साडेतीन पौंडांचा चाप

देउस्करकाका कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नसत; आधी ड्रॉवरना भेटत.

आम्ही पुण्याहून चँडलरला आलो, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. घरभर खोकी पडलेली, बाहेर ॲरिझोनाचं भट्टीसारखं ऊन, आणि बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेले एक उंच, काटकुळे गृहस्थ. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, यांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर. मागे एक ठेंगण्या, हसऱ्या बाई, हातात चिवड्याचा डबा. "आम्ही देउस्कर. चार घरं सोडून," एवढं बोलून गृहस्थ थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्याखालचा ड्रॉवर उघडला, मिटला, पुन्हा उघडला, मान तिरकी करून कान लावला आणि म्हणाले,

"अडतंय, साहेब. कुठेतरी अडतंय."

मला तो ड्रॉवर अगदी व्यवस्थित वाटत होता. पण पाच मिनिटांत तो जमिनीवर होता आणि त्याच्या शेजारी काका आडवे होते. शैलाकाकूंनी शांतपणे माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या हातात डबा दिला. "चालू द्या त्यांचं," त्या म्हणाल्या, "लग्नाच्या मांडवातसुद्धा आधी पाटाचा खिळा ठोकून घेतला होता त्यांनी, मग बसले."

त्यानंतर तो ड्रॉवर असा काही सरकायला लागला की नुसतं बोट लावलं तरी सुळकन बाहेर येई. पहिल्या आठवड्यात मंजिरीच्या पोटाला दोनदा लागला.

काका मूळचे नागपूरचे. वडील आयुध कारखान्यात फिटर, त्यामुळे लहानपण कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, कानस आणि ग्रीसच्या वासात गेलं. स्वतः इंजिनियर होऊन अमेरिकेत आले त्याला तीस वर्षं झाली होती. इथे ते चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथे माणसाचा हात लागू नये म्हणून यंत्रांचे हात काचेसारख्या नाजूक चकत्या इकडून तिकडे नेतात. काकांचं काम त्या यंत्रांच्या हातांना संधिवात होऊ न देणं. ते यंत्राला कान लावून निदान करत, आणि निदान एकच: अडतंय.

तीस वर्षं अमेरिकेत राहूनही बोलणं नागपूरचंच राहिलं होतं. "करून राहिलो", "काहून", आणि फारच झालं की "नाही जमत बाप्पा." माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे, तरी मला साहेब म्हणत. पोस्टमनलाही साहेब म्हणत आणि शेजारच्या कुत्र्यालाही.

आता त्या पिस्तुलाबद्दल सांगायला हवं. लोकांना काका माहीत होते ते त्याच्यामुळेच.

काका अमेरिकेचे नागरिक झाले आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी एक पिस्तूल घेतलं. बरं, घेतलं तर घेतलं, गप्प बसावं! इथल्या आपल्या लोकांत असं काही घरात असलं तरी कुणी बोलत नाही. काका मात्र मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे अंगतपंगतीला, हातात साबुदाणावड्याची प्लेट घेऊन त्याबद्दल बोलत. पिस्तुलाबद्दल नव्हे हं, नुसत्या त्याच्या चापाबद्दल. ट्रिगर म्हणायचे नाहीत. "चाप म्हणा, साहेब. वडील चापच म्हणायचे." चाप दाबायला लागल्यापासून तो खरोखर कामाला लागेपर्यंत बोटाचा जो फुकटचा प्रवास होतो त्याला 'टेक-अप' म्हणतात, आणि जिथे तो सुटतो त्या क्षणाला 'ब्रेक', हे ज्ञान चँडलरमधल्या झाडून सगळ्या मराठी कुटुंबांना काकांमुळे झालं. उत्तम चापाचा ब्रेक कसा असावा? "काचेची बारीक काडी मोडल्यासारखा. कट! मधे रवाळपणा नको. रवाळ चांगला तो शिरा."

पुढे पुढे ते माणसांनाही हीच मापं लावायला लागले. मी एकदा माझ्या मॅनेजरबद्दल कुरकुर केली, तर म्हणाले, "माणूस बरा आहे हो, टेक-अप फार आहे त्याचा." मंडळाच्या अध्यक्षांचं दिवाळीचं भाषण चालू होतं तेव्हा माझ्या कानाशी लागून कुजबुजले, "वीस मिनिटं झाली, साहेब. टेक-अपच चालू आहे. ब्रेक येतच नाही." मी इतक्या जोरात हसलो की अध्यक्षांना वाटलं त्यांचा विनोद लागू पडला; त्यांनी तो पुन्हा सांगितला.

आणि तो बॅगा तोलायचा काटा! भारतात जायच्या आधी बॅगेला अडकवून उचलायचा तो हातकाटा आपल्याकडे घरोघरी असतो. आमचा बिघडला म्हणून मी काकांचा आणला. बॅगा भरून झाल्या, वजनं झाली, तेव्हा परत न्यायला आलेले काका सहज म्हणाले, "बरोबर दाखवतो ना? मी चाप यावरच तोलतो." चापाला आकडा अडकवायचा आणि किती ओढल्यावर सुटतो ते काट्यावर बघायचं, असा तो प्रकार होता. मंजिरीनं त्या दिवशी चारही बॅगांचे हँडल ओल्या फडक्यानं पुसून काढले.

दर शनिवारी सकाळी काका आणि काकू गाडीत बसून गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जात. काका ड्रायव्हिंग सीटवर, काकू शेजारी, मांडीवर पर्स आणि पाण्याची बाटली. डोक्याला स्कार्फ. आमच्या घरावरून जाताना हात हलवत. मंडळातल्या बायकांना त्यांची फार दया यायची. "बिचारी! शनिवारची सकाळ त्या धाडधाडमध्ये बसून काढायची. दुसरी असती तर माहेरी निघून गेली असती." मंजिरी म्हणायची, आणि मीही मान डोलवायचो. काकू स्वतः यावर काही बोलत नसत. एकदा कुणीतरी थेटच विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत हो?" तर म्हणाल्या, "छे, कानाला लावायला देतात ना." सगळ्या हसल्या. विषय तिथेच संपला.

मग काकूंना कॅन्सर निघाला.

तपासण्या, ऑपरेशन, मग औषधांची ती लांबलचक चक्रं. मंडळानं नेहमीप्रमाणे डब्यांच्या पाळ्या लावल्या. काकूंचे केस गेले, वजन गेलं, आणि औषधांनी बोटांतली जाणीवही गेली. बोटं बधिर व्हायची. ब्लाउजचं हूक लागेना, चहाचा कप धरता येईना. मंजिरी डबा घेऊन गेली की सांगत यायची, "आज चमचा दोनदा पडला त्यांच्या हातून."

आणि नेमकं त्याच वसंतात काकांनी जुनं पिस्तूल देऊन नवं घेतलं. लहान, आटोपशीर. त्याला इथे कॉम्पॅक्ट म्हणतात.

मला गॅरेजमध्ये बोलावून दाखवलं. काकांचं गॅरेज म्हणजे शस्त्रक्रियेची खोली. पांढरं लख्ख टेबल, वर दिवा, पिस्तुलाखाली पिवळा मऊ कपडा. आणि दाखवण्याआधीचा एक विधी होता. आधी मॅगझिन काढून बाजूला, गोळ्या दुसऱ्या खोलीत, मग पिस्तूल उघडून आत बोट घालून तपासायचं, मग मी बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं,

"रिकामं."

"पुन्हा बघा."

"रिकामं, काका."

"पुन्हा."

तीनदा म्हटल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही. एकदा मी न बघताच 'रिकामं' म्हणालो, तर पिस्तूल कपड्यात गुंडाळून ठेवलं आणि मला चहासुद्धा न देता घरी पाठवलं.

"जुनं म्हणजे बैलगाडी होती, साहेब. जड, रुंद, हात पुरत नाही. हे बघा, तळव्यात मावतं. पण चाप! चाप फार वाईट देऊन राहिले हे लोक. कारखान्यातून आलाय सहा पौंडांचा, आणि कसा? पोत्यात वाळू भरून ओढल्यासारखा. अडतंय."

पुढचे तीन-चार महिने काका त्या चापामागे लागले. चापाच्या सुट्या भागांचा नवा सेट मागवला. तो पसंत पडेना म्हणून दुसरा मागवला. रेंजच्या दुकानात त्यातला जाणकार म्हातारा होता, त्याच्याकडे दोनदा जाऊन बसले. रस्त्यात भेटले की तब्येतीआधी चापाची खबर देत. पाच पौंड. पावणेपाच. सव्वाचार, पण ब्रेक अजून चिखलात पाय घातल्यासारखा. मला मनातून राग यायचा. घरात बायको एवढी आजारी, आणि या माणसाचं चित्त कुठे आहे!

एका दुपारी मी डबा घेऊन गेलो होतो. गॅरेजचं दार उघडं, पंखा चालू. काकू आत एका आरामखुर्चीत बसल्या होत्या, अंगावर शाल. काका कामात. मला बघून त्यांनी रिकामं-रिकामंचा विधी उरकला आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ते पिस्तूल काकूंच्या हातात दिलं. भिंतीकडे तोंड करून.

"शैला, बघ बरं."

काकूंनी दोन्ही हातांनी धरलं. बोट चापावर ठेवलं. ओढायला लागल्या. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ दाबले गेले. चाप सुटला नाही. त्यांनी मान हलवली.

"जड आहे अजून."

"किती?"

"ते मला काय माहीत! जड आहे."

काकांनी पिस्तूल परत घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि खाली वाकले. "अडतंय कुठेतरी," स्वतःशीच म्हणाले. काकूंनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. मी डबा टेबलाच्या कडेला ठेवला आणि निघालो.

घरी येऊन मी मंजिरीला म्हणालो, "कमाल आहे या माणसाची. त्या बाईला धड चमचा धरता येत नाही, आणि हा तिच्या हातात पिस्तूल देतो. स्वतःच्या छंदासाठी तिला गिनीपिग करतो." मंजिरीनं ते आणखी दोघींना सांगितलं. त्यांनी आणखी कुणाला. आज हे लिहिताना ते वाक्य मला परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन.

सप्टेंबरात कधीतरी काका आमच्या अंगणात आले. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं काकूंचे रिपोर्ट चांगले आले.

"साडेतीन!" ते म्हणाले. "साडेतीन पौंड, साहेब. आणि ब्रेक काय सांगू. काचेची काडी."

"आणि काकू?"

"तीच म्हणाली ना, झालं म्हणून." एवढं बोलून ते गेले. मला त्यांची कीव आली. दोन शनिवार मी त्यांची गाडी पुन्हा रेंजकडे जाताना पाहिली. काकू शेजारी, स्कार्फ बांधलेला, मान मागे टेकलेली. यावेळी हात हलवला तो काकांनीच.

जानेवारीत काकू गेल्या.

मुलगी केतकी मिशिगनमधल्या ट्रॉयहून आली होती, नवरा आणि दोन मुलांसह. तेरा दिवस घर भरलेलं होतं. मग केतकीची रजा संपली. "बाबा, चला माझ्याबरोबर," असं ती आमच्यादेखत तीनदा म्हणाली. काका म्हणाले, "बघू. इथली कामं आहेत थोडी." कसली कामं ते कुणी विचारलं नाही. मंडळाच्या डब्यांच्या पाळ्याही थांबल्या. त्या आजारी माणसासाठी असतात, आणि आजारी माणूस आता नव्हतं.

काका दिसायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा आमच्याकडे आले तर ड्रॉवरला हातही लावला नाही. मी मंजिरीला म्हटलं, "बरं झालं बुवा, सुधारले." विनोद म्हणून.

मार्चमधला एक रविवार. दुपारी साडेबारा-एकचा सुमार. मी दारासमोर गाडी धूत होतो. काका चालत आले. हातात किराण्याची कापडी पिशवी, आणि पिशवीत काहीतरी चौकोनी, जड. पिशवी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले.

"साहेब, एक काम होतं."

"बोला ना, काका."

"हे थोडे दिवस ठेवता का तुमच्याकडे?"

"काय आहे?"

"तेच. पेटीत आहे, कुलूप आहे. किल्लीही तुम्हीच ठेवा."

मी नळ बंद केला. मला काय सुचलं ते मी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर माझी फाइल आली. मी तेव्हा वर्क व्हिसावर होतो, ग्रीन कार्ड रांगेत. आमच्यासारख्यांना बंदूक जवळ बाळगायची कायद्यानं बंदी आहे. साधी कुणाची ठेवून घेतली तरी भानगड होऊ शकते. हे सगळं अगदी खरं होतं. आणि मी ते सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. ओल्या हातांनी, हातवारे करत, पाच मिनिटं. वकिलानं काय सांगितलंय, फॉर्ममध्ये काय प्रश्न असतो, एका ओळखीच्याचं काय झालं. काका ऐकत होते. मधे मधे म्हणत होते, "हो हो. बरोबर आहे. माझ्या लक्षातच नाही राहिलं."

मी थांबलो तेव्हा ते पिशवीकडे बघत म्हणाले,

"चाप फार हलका करून ठेवला ना मी, साहेब. घरात नको वाटतो आता."

यावर मी काय म्हणालो असेन? मी हसलो. म्हणालो, "मग परत जड करा की काका! तुम्हाला काय अशक्य आहे!"

तेही हसले. "नाही जमत बाप्पा आता ते," म्हणाले. "बरं, चालू द्या तुमचं." आणि पिशवी तशीच छातीशी धरून परत गेले. थोड्या वेळानं त्यांची गाडी आमच्या घरावरून गेली. मी नळ पुन्हा सुरू केला होता. माझ्या गाडीची मागची चाकं धुवायची राहिली होती.

मंजिरीला सांगितलं तेव्हा तीही म्हणाली, "बरं केलंस. कशाला नसती जोखीम." आम्ही दोघंही शिकलेली, समजूतदार माणसं. आम्हाला कायदा कळला. एवढा जाणता माणूस, ज्यानं त्या वस्तूला चार महिने जीव लावला, तो ती घराबाहेर काढायला का निघालाय, हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. किंवा मला पडला असेल, आणि मी त्याच्याकडे बघितलं नसेल. आता नक्की सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकांच्या घरासमोर विक्रीची पाटी लागली. ट्रॉयला केतकीकडे जायचं ठरलं होतं. निघताना ते आले, मंजिरीच्या हातात काकूंची एक पैठणी दिली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेले. मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

ते गेल्यावर उरलेलं सामान विकायचं काम केतकीनं मला सांगितलं होतं. शनिवारी सकाळी मी गॅरेज उघडून बसलो. लोक येत होते, खुर्च्या, कपाटं, कुंड्या नेत होते. दहाच्या सुमाराला एक जुना पिकअप ट्रक थांबला आणि पांढऱ्या मिशांचा एक धिप्पाड म्हातारा उतरला. ते पांढरं टेबल न्यायला आलोय म्हणाला. काकांनी त्याला देऊ केलं होतं. नाव वॉल्टर. रेंज त्याची, आणि चापांचा तो जाणकार म्हातारा तोच.

"तू डूसचा मित्र?" त्यानं विचारलं. देउस्करचं त्यानं डूस केलं होतं.

"शेजारी," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी टेबल उचलून ट्रकवर चढवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकांना नेमबाजीचं फारच वेड होतं, नाही?"

म्हातारा थांबून माझ्याकडे बघायला लागला. मग हसायला लागला. मिशा हलेपर्यंत हसला.

"डूसला? अरे, त्याला गोळी झाडायला आवडतच नव्हतं! इतक्या वर्षांत तीन-चारदा झाडली असेल. एकदा तर शेजारच्याच्या कागदाला लावली. तो नुसता मागे उभा राहून ऐकायचा. नेमबाज शायला होती."

"शैलाकाकू?"

"कॉलेजात युनिफॉर्म घालून रायफल चालवायची म्हणे. मेडल होतं तिच्याकडे." मला कळलं, एनसीसी. "लग्न, इकडे येणं, मुलगी, यात तीस वर्षं हातात धरली नव्हती. तो नागरिक झाला तेव्हा त्यानं तिला विचारलं, तुला काय हवं. ती म्हणाली, हे."

मी ट्रकच्या फळीला टेकलो.

वॉल्टर बोलत राहिला. औषधांनी काकूंच्या बोटांतली ताकद गेली तेव्हा आधीचं पिस्तूल त्यांना उचलेना, चाप ओढवेना. काका त्याच्याकडे आले आणि म्हणाले, हिला अजून एकदा नेम धरता आला पाहिजे. म्हणून ते लहान पिस्तूल. म्हणून ते चार महिने. सप्टेंबरात वॉल्टरनं शनिवारी सकाळी तासभर रेंज बंद ठेवली आणि काकूंना स्टुलावर बसवलं. पहिल्या शनिवारी पाच गोळ्या झाडल्या, दुसऱ्या शनिवारी तीन. आठही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत. "मी भिंतीवर लावलाय तो कागद," तो म्हणाला. "ये कधीतरी बघायला. शेवटची झाडल्यावर ती डूसला काहीतरी म्हणाली तुमच्या भाषेत. तो रडायला लागला आणि ती हसायला."

मी विचारलं, ते पिस्तूल आता कुठे आहे.

"माझ्या तिजोरीत. मार्चमध्ये घेऊन आला. रविवार होता. पिशवी छातीशी धरून दारात उभा. मी त्याचा चेहरा बघितला, पेटी घेतली, आत ठेवली, दुकानाची पाटी उलटी केली आणि त्याला समोर पॅनकेक खायला घेऊन गेलो. तासभर एक शब्द बोलला नाही. मग माझ्या प्लेटमधलेही खाल्ले. तेव्हापासून जाईपर्यंत दर रविवारी आम्ही तिथे जायचो."

"त्यांना काही विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. सिरप हवं का म्हणून."

तो ट्रक घेऊन निघून गेला. मी गॅरेजमध्ये रिकाम्या जागेत उभा राहिलो. टेबलाच्या चार पायांचे ठसे जमिनीवर तेवढे होते.

फोन करायला मला आणखी तीन आठवडे लागले. काय बोलायचं ते मी लिहूनसुद्धा काढलं होतं. एका रविवारी दुपारी लावला. काकांनी लगेच उचलला, आवाज खणखणीत. ट्रॉयचा पाऊस, नातवंडं मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात, केतकीच्या घराचं फाटक पावसानं फुगतं, सगळं सांगितलं. मी मधेच म्हणालो,

"काका, वॉल्टर भेटला होता. काकूंचं मला काही माहीत नव्हतं. मी तुमच्याबद्दल काय काय बोललो..."

"जाऊ द्या हो. तीच म्हणायची, कुणाला सांगू नका. बायका हसतील म्हणायची."

"आणि त्या रविवारी तुम्ही आलात, मी तुम्हाला व्हिसाचे नियम सांगत बसलो."

"नियम बरोबरच होता, साहेब. मला माहीत होता तो. मीही होतो ना व्हिसावर इतकी वर्षं."

मी विचारलं, "माहीत होता? मग आलात कशाला, काका?"

पलीकडे मुलांचा टीव्ही चालू होता.

"काही नाही हो. भाताचा कुकर लावला होता. दोघांचाच लावला गेला, सवयीनं. झाकण काढलं आणि..." ते थांबले. "म्हटलं, त्या पेटीच्या निमित्तानं तुमच्याकडे यावं. तुम्ही नाही म्हणाल, पण आत तर बोलवाल."

मी लिहून काढलेला कागद समोर होता. त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"बाबा, पानं घेतली," मागून केतकीची हाक आली. "आलो, आलो," काका म्हणाले, आणि मग मला, अगदी सहज, "तुम्ही जेवलात का, साहेब?"